रडक्या पोरीचा फोटो

त्या दिवशी मी प्रेस शॉपमधल्या एका इलेक्ट्रिक पॅनेलच्या हँडलवरून दोन लहान मुलींचा फोटो काढून घेतला. टेबलावर आणून उलटा केला आणि पाठीवर लाल शाईचा शिक्का मारला: 'ऑब्सलीट'. म्हणजे कालबाह्य, वापरातून बाद. शिक्क्याखाली सही केली, तारीख घातली, फोटो ड्रॉवरमध्ये टाकला आणि चहा मागवला.

मूर्खपणा मी जन्मभर भरपूर केला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंची कवळी उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक केली होती. ती नंतर कोणाच्याच तोंडात बसेना. पण तो मूर्खपणा सहीशिक्क्यानिशी केला नव्हता. हा केला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी सांगलीची, मेकॅनिकल इंजिनिअर. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून बंगळूरला आले, बसवनगुडीत बिऱ्हाड केलं आणि पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इनचार्ज म्हणून लागले. शॉपफ्लोअरवर हिंडणारी एकटी बाई मीच, आणि त्याची मला भयंकर ऐट. अंगात निळा कोट, खिशात तीन रंगांची पेनं, बगलेत फाईल. आज तशी एखादी मुलगी दिसली तर मी तिला आधी खुर्चीत बसवीन आणि खायला घालीन. पोट भरलेलं असलं की माणूस जरा कमी शहाणपणा करतो.

आमच्याकडे पॉवर प्रेस होत्या. पॉवर प्रेस म्हणजे एक मोठा लोखंडी जबडा समजा. खालचा जबडा जागेवर असतो, वरचा खाली येतो. मध्ये पत्रा ठेवला की तो आकार घेऊन बाहेर पडतो. मध्ये दुसरं काही असलं तर तेही आकार घेतं. मशीनला पत्रा कुठला आणि माणूस कुठला ते कळत नाही.

या सगळ्या मशिनींची देखभाल करणारे इंजिनिअर म्हणजे परशुराम राव. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कुठल्या पिढीत इकडे आले ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पहिल्यांदा ऐकून मला हसूच आलं होतं. "अक्का, स्वल्प थांबा, आत्ता करून देतो की," असं ते म्हणायचे आणि मी घरी येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायचे. आता माझी नात माझ्या तोंडून 'बरं, बरं'च्या ऐवजी 'सरी, सरी' ऐकते आणि तिच्या मैत्रिणींना माझी नक्कल करून दाखवते. फिटलं.

राव चाळिशीचे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, सडपातळ अंग, खोल आवाज. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं जातंय ते सांगायचे, पण तेवढं तर कुठलाही चांगला मेंटेनन्सवाला सांगतो. त्यांचं वेगळेपण दुसरंच होतं. हा माणूस सगळा घरासाठी जगायचा आणि ते लपवायचाही नाही. प्रमोशनवर होसूरच्या प्लँटला जा म्हटलं, तर म्हणाले, "तिथनं रोज रात्री घरी जेवायला येता येत नाही." दोन महिने परदेशी ट्रेनिंग म्हटलं, तर म्हणाले, "धाकटी अजून माझ्या पोटावरच झोपते." त्या काळात परदेशी जायला लोक देवाला नवस बोलायचे. रावांची त्यावरून फार चेष्टा झाली. प्रॉडक्शन मॅनेजर त्यांना सगळ्यांसमोर 'गृहिणी सर' म्हणायचे. राव हसायचे आणि डबा उघडायचे.

भंगारातून त्यांनी घरासाठी काय काय केलं होतं! पत्र्याच्या तुकड्यांची बाहुलीची कॉट. बायको शिवणकाम करायची, तिच्या मशीनला जुन्या पंख्याची मोटर. कँटीनमध्ये सणाला म्हैसूरपाक मिळे, तो कागदात गुंडाळून खिशात जायचा. एकदा मी म्हटलं, "राव, निदान अर्धा तरी खा." म्हणाले, "अर्ध्याचे दोन भाग नीट होत नाहीत, अक्का. भांडण लागतं."

आता फोटोकडे येते. मोठ्या मशीनच्या आत दुरुस्तीला माणूस उतरतो किंवा वाकतो, तेव्हा बाहेरून कोणी ती चालू करू नये म्हणून मेन स्विच बंद करून त्यावर काहीतरी खूण लावतात. मोठ्या कंपन्यांत कुलूप लावतात. आमच्यासारख्या ठिकाणी तेव्हा कुलूपबिलूप नव्हतं. कोणी खडूने फुली मारायचा, कोणी फडकं बांधायचा. राव फोटो लावायचे. चामराजपेटेतल्या स्टुडिओत काढलेला, प्लास्टिकमध्ये बंद केलेला, वर भोक पाडून तार ओवलेला. त्यात त्यांच्या दोन मुली. पोपटी फ्रॉकमधली मोठी गंभीर चेहऱ्याने उभी, आणि धाकटी भोकाड पसरून रडतेय. फ्लॅशला घाबरली होती म्हणे.

मी नवीन असताना विचारलं होतं, "दुसरा चांगला फोटो नव्हता का? हसरा?"

"आहे की. घरी भिंतीवर आहे."

"मग हा का?"

"हसरं पोर बघून माणूस हसतो आणि पुढे जातो. रडकं पोर बघून थांबतो. मला तो थांबायला पाहिजे."

अख्ख्या शॉपला ठाऊक होतं, फोटो लटकतोय म्हणजे राव आत आहेत. ऑपरेटर त्या पॅनेलच्या जवळूनसुद्धा जात नसत. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सगळ्यांची कुटुंबं कारखान्यात यायची, मुली मशीनला कुंकू लावायच्या, तेव्हा त्याच दोघींना सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं. मुनियप्पा म्हणून आमचा जुना प्रेस ऑपरेटर होता. तो धाकटीला बघून म्हणाला, "अय्यो, ही हसते पण?"

इथवर सगळं ठीक होतं. मग मी कामाला लागले.

त्या वर्षांत पीण्याला एका सर्टिफिकेटचा ताप चढला होता. बाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा तर कारखान्याकडे क्वालिटी सिस्टिमचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट पाहिजे. ते मिळालं की गेटवर मोठा फलक लागायचा. आमच्या शेजारच्या कारखान्याने लावला आणि आमच्या एमडींची झोप उडाली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मिसेस कुलकर्णी, यू आर इन चार्ज. ऑडिटरला एक चूक सापडता कामा नये."

या सिस्टिमचं तत्त्व अगदी साधं आहे. जे करता ते लिहा, आणि जे लिहिलंय ते करा. त्यातला पहिला अर्धा मी वगळला. लोक काय करतात आणि का करतात ते बघायच्या आधीच मी लिहायला बसले. माझं इंग्रजी चांगलं होतं ना!

लिहिता लिहिता मी शॉपही साफ करायला घेतलं. कॅलेंडरं गेली, आरसे गेले, सिनेमातल्या नट्या गेल्या. देवांना मात्र हात लावायची छाती झाली नाही. मग मी त्या फोटोपाशी आले.

"राव, हे काय आहे?"

"तुम्हाला माहीत आहे की, अक्का."

"मला माहीत आहे. ऑडिटरला काय सांगू? कुठल्या प्रोसीजरमध्ये आहे हे? याला नंबर नाही, तारीख नाही. हे अनकंट्रोल्ड आहे."

"मुलीच आहेत अनकंट्रोल्ड," राव म्हणाले. "आईचं ऐकत नाहीत."

शेजारी मुनियप्पा हसला. मला ते लागलं. मी फाईलमधून नवीन टॅग काढला. लाल पुठ्ठा, इंग्रजीत छापलेला. त्यावर तीन चौकोन: मशीन रिकामी, मशीन बिघडलेली, दुरुस्ती चालू. लागू असेल तिथे खूण करायची, खाली सही. डिझाइन माझं. कोपऱ्यात मी कंपनीचा लोगोही घातला होता.

राव टॅग उलटसुलट करून बघत राहिले. "तिन्हीला एकच टॅग?"

"हो. सोपं पडतं."

"मुनियप्पाला इंग्लिश येत नाही, अक्का."

तेव्हा मी जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "लाल रंग सगळ्यांना वाचता येतो."

काय वाक्य होतं! मीच माझ्यावर खूश. रावांनी टॅग आणखी एकदा उलटा करून पाहिला. मग "सरी" म्हणाले आणि फोटो स्वतःच्या हाताने तारेतून सोडवून माझ्या हातात दिला. शिकलेल्या बाईने लिहून आणलंय, एमडींची सही आहे, तर मानायला पाहिजे, असा तो स्वभाव. पुढचं शिक्क्याचं मी सांगितलंच आहे.

टॅग लागले. ऑडिटरला प्रत्येक मशीनची अवस्था एका नजरेत दिसली पाहिजे, म्हणून जी मशीन चालू नाही तिच्यावर टॅग, असा मी हुकूम काढला. ऑर्डर नाही म्हणून बंद असलेल्या मशीनवर लाल टॅग. स्पेअर पार्टची वाट बघणाऱ्या मशीनवर लाल टॅग. जेवणाच्या सुट्टीत थांबलेल्या मशीनवरही लाल टॅग. सगळं शॉप लग्नमंडपासारखं दिसायला लागलं. ऑपरेटर सकाळी यायचे, टॅग काढून खिळ्याला अडकवायचे आणि मशीन चालू करायचे. संध्याकाळी परत लावायचे. टॅग काढणं हाच मशीन चालू करण्याचा भाग झाला. हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. मी फक्त सह्या आहेत का ते बघत होते.

ऑडिट तोंडावर आलं होतं तेव्हाची दुपार. सगळ्यांत मोठ्या प्रेसचा क्लच चिकटत होता. मोटर चाक फिरवत असते आणि क्लच त्या चाकाला वरच्या जबड्याशी जोडतो किंवा सोडवतो. तो चिकटला म्हणजे सुटत नाही. मग मोटर चालू केली की जबडा कोणी न सांगता खाली येतो. राव मेन स्विच बंद करून मशीनच्या मागच्या बाजूने आत वाकले होते. जबडा पडू नये म्हणून मध्ये एक लोखंडी ठोकळा ठेवतात, तो त्यांनी काढला होता, कारण चाक हाताने फिरवून जबडा किती सरकतो ते पाहायचं होतं. पॅनेलवर त्यांनी लाल टॅग लावला. 'दुरुस्ती चालू'च्या चौकोनात खूण केली. सही केली. मी लिहिलं होतं तसं, तंतोतंत.

पीण्याला तेव्हा लाइट जाणं रोजचंच. त्या दुपारी गेली आणि बऱ्याच वेळाने आली. लाइट आली की एकच धांदल उडायची, कारण बुडलेला माल भरून काढायचा असायचा. प्रॉडक्शन मॅनेजर टाळ्या वाजवत शॉपमधून फिरले, "चला, चला, सगळी मशीनं चालू." लाइट गेली की सगळ्याच मशिनींचे मेन स्विच बंद करून ठेवायचे, म्हणून मुनियप्पाने आपल्या ओळीतले स्विच वर करत मशिनी एकामागून एक चालू केल्या. टॅग काढ, खिळ्याला लाव, बटण दाब. टॅग काढ, खिळ्याला लाव, बटण दाब. मोठ्या प्रेसपाशी आला तेव्हा त्याला पुढून कोणी दिसलं नाही. लाल टॅग दिसला. तो सगळीकडेच होता.

मी तेव्हा वर ऑफिसात फायलींना कव्हरं घालत होते. प्रेस चालायची तेव्हा ऑफिसची फरशी हलायची, इतकी सवयीची की जाणवायची नाही. त्या दिवशी एक ठोका जाणवला, कारण त्याच्यामागून दुसरा आला नाही.

तिथे काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. खाली गेले तेव्हा मुनियप्पा जमिनीवर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता आणि त्याचे हात धरायला दोन माणसं लागत होती. राव हॉस्पिटलपर्यंत पोचले नाहीत.

"तुम्हाला त्यांची भाषा येते, तुम्ही जा," पर्सोनेल मॅनेजर मला म्हणाले. ते सोबत आले, पण जीपमधून उतरले नाहीत.

चामराजपेटेतली ती अरुंद गल्ली, एकाला एक लागून घरं. सुलोचना, रावांची बायको, दारातच शिवणाची मशीन घेऊन बसली होती. कंपनीची जीप बघून तिने पाय थांबवले. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "कुठला हात?"

प्रेस शॉपमधल्या माणसाच्या घरी ही भीती रोज असते. बोटं जातात, हात जातो. मी पायरीपर्यंत आले.

"दोन्ही?" तिने विचारलं.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग तिला कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. तेराव्याला कारखान्यातले बरेच जण गेलो. जेवणं झाल्यावर सुलोचना मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मुली बाहेर शेजारणीपाशी होत्या.

"अक्का, तुमच्या ऑफिसातले ते साहेब आत्ता म्हणाले, हे स्वल्प निष्काळजी झाले. ठोकळा काढला, स्विचपाशी माणूस उभा केला नाही. खरं का?"

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."

"चौकशी राहू दे. मी तुम्हाला विचारते. घरी दोन पोरी आहेत, हे ते विसरले का?"

हा प्रश्न आजही कोणी मला विचारला नाही असा दिवस जात नाही. फक्त विचारणारी मीच असते. त्या दिवशी मी काय केलं? "मी बघते," म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी एमडींनी मला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्यात माणूस मेला की सरकारचा फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन चौकशी करतो आणि कोणाची चूक ते लिहितो.

"मिसेस कुलकर्णी, आपल्याकडे प्रोसीजर आहे. टॅग होता. त्यावर राव यांची सही आहे. म्हणजे सिस्टिम होती. त्यांनी अतिरिक्त काळजी घेतली नाही. एवढंच सांगायचं."

"सर, पण..."

"पण काय? ते गेले. त्यांचं आता काय बिघडणार? इथे बाकीची माणसं आहेत. ऑर्डर गेली तर त्यांच्या घरी काय सांगणार तुम्ही?"

माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. मीसुद्धा. सिस्टिम अपुरी ठरली तर ती लिहिणारी मीच. रात्रभर मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "तू मला विचारत नाहीयेस. तू मला 'राहू दे' म्हणायला लावतेयस. मी म्हणणार नाही." आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

इन्स्पेक्टर म्हणजे जाड चष्म्याचे, थकलेले गृहस्थ. त्यांनी आधी मुनियप्पाला विचारलं. तो कन्नडमध्ये एवढंच म्हणाला, "लाल सगळीकडे होतं, सर. सगळीकडचं काढायचो." आणि रडायला लागला. मग ते टेबलावरचा टॅग उचलून माझ्याकडे वळले.

"हा कधीपासून?"

"काही आठवड्यांपासून."

"त्याआधी काय होतं?"

एमडी मध्येच म्हणाले, "आधी काही नव्हतं. वी इंट्रोड्यूस्ड द सिस्टिम."

तेवढ्यात मी बोलून गेले. धाडस वगैरे काही नाही. शाळेत कोणी पाढा चुकला की मला गप्प बसवत नसे, तसं झालं. "होतं, सर."

"काय होतं?"

"फोटो."

ते चहा पीत होते, कप खाली ठेवला. "कोणाचा?"

"राव यांच्या मुलींचा. आत जाताना ते पॅनेलवर लावायचे. मी कामाला लागण्याच्या आधीपासून."

"फोटो असताना कोणी मशीन चालू केली होती?"

"कधीच नाही."

त्यांनी मुनियप्पाकडे बघितलं. मुनियप्पाने कानाच्या पाळ्या धरल्या. तो फोटो काढून मशीन चालू करायची कल्पनाच त्याला पाप वाटत होती.

"मग काढला कोणी?"

"मी."

"का?"

"ऑडिटरला आवडला नसता."

"ऑडिटर म्हणाला तसं?"

"नाही, सर. ऑडिटर अजून यायचाय."

इन्स्पेक्टर म्हणाले, "आहे का तो फोटो?" मी ड्रॉवरमधून आणून दिला. त्यांनी धाकटीकडे बराच वेळ पाहिलं, मग फोटो उलटा केला आणि शिक्का मोठ्याने वाचला. "ऑब्सलीट." माझी सही वाचली. तारीखही वाचली. फोटो सरकारी फाईलला जोडला गेला. त्यावरची माझी ती सही आजही कुठल्यातरी कपाटात असेल.

रिपोर्टमध्ये 'मृताचा निष्काळजीपणा' हे शब्द आले नाहीत. मृताने लेखी पद्धत पूर्ण पाळली होती आणि पद्धतच सदोष होती, असं आलं. एमडी कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "स्वतःच्या गळ्यात स्वतः दोर घातलात." मला मेमो मिळाला. काढून टाकलं नाही, कारण सिस्टिमच्या फायली मीच लिहिल्या होत्या आणि त्या मलाच समजायच्या. मुनियप्पाने प्रेस सोडली ती सोडलीच. शेवटपर्यंत तो गेटवर बसायचा आणि येणाऱ्या ट्रकांना हात करायचा.

पद्धत मी नव्याने लिहिली. या वेळी लिहिण्याआधी पुष्कळ दिवस नुसती शॉपमध्ये उभी राहिले. प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. त्यासोबत स्वतःचा टॅग, त्यावर त्याचा नाहीतर त्याच्या घरच्यांचा फोटो. आत माणूस असेल तरच तो लावायचा, एरवी नाही. शेवटी ऑडिट झालं तेव्हा ऑडिटरने तो टॅग हातात घेतला, खूश झाला आणि रिपोर्टमध्ये खास कौतुक लिहिलं: अनुकरणीय पद्धत. गेटवर फलक लागला. पुढे बऱ्याच कारखान्यांत मी असे फोटोचे टॅग पाहिले. कोणाला वाटतं ही परदेशातून आलेली कल्पना आहे. मी काही बोलत नाही.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. सूचना सगळीकडे लावली की ती कुठेच लागत नाही. आणि एखादी विचित्र वस्तू कोणी वर्षानुवर्षं एकाच जागी लटकवत असेल, तर ती काढण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून एक चहा प्यावा. मी चहा प्यायले खरी, पण काढल्यानंतर.

आता मी सत्तरीला टेकलेय. नवरा गेला. बसवनगुडीतल्या त्याच घरात एकटी राहते. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, मोठ्या सोसायटीत राहतो, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, सारखा म्हणतो, आई, चल. मी त्याला सांगते, तिथलं पाणी मला मानवत नाही. कधी सांगते, भाजीवाली माझ्याशिवाय उपाशी मरेल. गुडघे दुखतात तेव्हा सांगते, लिफ्टमध्ये मला चक्कर येते. नात म्हणते, आजी, तू खोटारडी आहेस. पोरगी हुशार आहे.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी चामराजपेटेला गेले होते. सुलोचना पायरीवर काज करत बसली होती, मुली आत अभ्यास करत होत्या. मी तिला सगळं सांगितलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं: ते विसरले नव्हते. मग फोटो, शिक्का, लाल रंगाचं माझं वाक्य, सगळं. तिने सुई थांबवली नाही. मला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा जा म्हणेल. मी उठले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले असेन, तर ती मागून आली. मान खाली घालून विचारलं, "तुमचं घर कुठे?" मी पत्ता सांगितला. तिने तो हळू आवाजात एकदा म्हणून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली:

"पोरी मोठ्या झाल्या की मी त्यांना सांगणार आहे. तुमचं नाव घेऊन सांगणार. आत्ता नाही, त्यांना समजेल तेव्हा. मग त्या तुमच्याकडे येतील, अक्का. तेव्हा घरी असा."